रडताना चेहरा दिसला पाहिजे

२८ एप्रिल

प्रिय ताई,

कागदावर पत्र कसं सुरू करतात ते मला आठवत नाही, म्हणून थेट मुद्द्यावर येते. हे पत्र छकुलीच्या बॅगेत वरच ठेवलंय. तिला तुझ्या दारात सोडून मला लगेच परतीची गाडी पकडायचीय, त्यामुळे आपलं बोलणं होणार नाही. फोनवर तर तू बोलतच नाहीस. का, ते मला ठाऊक आहे. ‘पोरीला नाक पुसायला तरी वेळ देत जा’ हा तुझा मेसेज मी छकुलीच्या व्हिडिओंच्या एका एपिसोडमध्ये दाखवला, त्याचा तुला राग आलाय. अगं, पण मी नाव झाकलं होतं! शिवाय खाली कमेंटमध्ये लोकांनी तुझी बाजूही घेतली. दोघांनी.

माझा व्याख्यानांचा दौरा महिनाभराचा आहे. विषय ‘मुलांच्या भावना ओळखा’. सगळीकडे हॉल भरलेत. छकुलीला सगळीकडे फरफटत नेणं बरं नाही, आणि तिचे बाबा जहाजावर आहेत ते पावसाळा संपल्याशिवाय येत नाहीत. तेव्हा सुट्टीभर ती तुझी.

तिचं फार काही नसतं. रोज जेवण झालं की तिला विचारायचं, ‘आज मनाचा रंग कोणता?’ ती रंग सांगते. मग आपण विचारायचं, ‘का बरं?’ आणि गप्प राहायचं. मुलं आपोआप मोकळी होतात. माझे सगळ्यात जास्त बघितले गेलेले व्हिडिओ याच प्रश्नाचे आहेत. टॅब दुपारी तासभर दे.

आणि एक. तिची उजवीकडची खालची दुधाची दाढ हलतेय असं दिसतंय, कारण ती सारखी जीभ लावत असते. तू दातांची डॉक्टर, तुझे हात शिवशिवतील. पण कृपा करून काढू नकोस. ‘निरोप दुधाच्या दाढेला’ असा भाग ठरलाय, मी आल्यावर करू.

तुझी,
धाकटी


२ मे

धाकटे,

माल सुखरूप पोचला. दाढेला मी हात लावणार नाही. तुझी दाढ, तुझा एपिसोड. मी वर्षभर लोकांच्या तोंडात डोकावत असते, सुट्टीत घरच्यांच्या तोंडात डोकावायची मला हौस नाही.

पहिल्या दिवशी जेवण झाल्यावर मी तुझा प्रश्न विचारला. ती म्हणाली, “निळा.” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “पण तुला पिवळा चालेल का? निळा मागच्या आठवड्यात झालाय.” मी म्हटलं, मला काहीही चालेल. तिने जरा विचार केला आणि पिवळा ठेवला.

एरवी मात्र पोरगी गुणी आहे, हे तुझ्या तोंडावर सांगते. दवाखाना खाली, घर वर, त्यामुळे ती सकाळपासून माझ्या वेटिंग रूममध्ये असते. टाकीतल्या माशांना खायला घालते, फाटलेली मासिकं चिकटवते, माझ्या मदतनीस बाईंना पेशंटची नावं पुकारायला मदत करते. परवा जिन्यावरून पडली. चांगला गुडघा सोलवटला. मी वरून बघत होते. ती उठून बसली, इकडेतिकडे बघितलं, आणि पाय धुवायला गेली. एक हूं की चूं नाही. माझ्याकडे दिवसभर जी पोरं बोंबलतात, त्यांच्या आयांना बोलावून दाखवावी अशी ही. तू तुझ्या व्हिडिओंमधून काय शिकवतेस ते मला कळत नाही, पण काहीतरी जमलेलं दिसतंय.

जेवते सावकाश. एकेक घास चिमणीसारखा. आपल्यासारखी तुटून पडत नाही.

ताई


७ मे

प्रिय ताई,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तुझ्याकडून कौतुक! आईच्या हयातीत असं काही ऐकलं नव्हतं.

इकडे हॉलमध्ये मी तो गुडघ्याचा प्रसंग सांगितला. ‘भावनिक स्वावलंबन’ म्हणतात त्याला. बायकांनी वह्यांत लिहून घेतलं. फक्त तू तेव्हा शूट केलं असतंस तर! जखमेवर खपली असेल अजून, तिचा एखादा फोटो काढून ठेव ना. चेहऱ्यासकट.

ताई, तुला हे सगळं दिखाऊ वाटतं ते मला माहीत आहे. पण हे कसं सुरू झालं ते तू विसरतेस. छकुली चालायला लागली तेव्हा तिचे बाबा जहाजावर होते. बोलायला लागली तेव्हाही. मी त्यांच्यासाठी व्हिडिओ करून पाठवायची. ती हसली की पाठव, पडली की पाठव, रडली की पाठव. ते म्हणायचे, रडतानाचे आधी पाठवत जा, तिथे नसल्याचं तेव्हाच जास्त कळतं. मग मी ते सगळ्यांना बघता यावेत असे ठेवायला लागले. लोक बघायला लागले. एका बाईने लिहिलं, तुमची मुलगी रडताना बघून मी माझ्या मुलीला पहिल्यांदा जवळ घेतलं. अशा गोष्टी तुला कोणी सांगत नाही. दात काढल्यावर लोक निघून जातात.

छकुली आठवण काढते का माझी? नक्की काय म्हणते ते तिच्या शब्दांत लिही.

धाकटी


१२ मे

धाकटे,

तिच्या शब्दांत लिही म्हणालीस म्हणून लिहिते. बाकी लिहिणार नव्हते.

काल एक पाच वर्षांचा मुलगा आला होता. दारातूनच भोकाड. आईचा पदर सोडेना. मी आत दुसऱ्याची दाढ भरत होते. बाहेरून छकुलीचा आवाज आला. अगदी शांत, शिकवणीच्या बाईंसारखा.

“असं नाही. आधी केस मागे घे. रडताना चेहरा दिसला पाहिजे. आता जरा थांब. लगेच नाही रडायचं, लगेच रडलं की लोक व्हिडिओ पुढे ढकलतात. आधी ओठ. हां. आता रड.”

मुलगा इतका गोंधळला की रडायचंच विसरला. खुर्चीत येऊन बसला, तोंड उघडलं, मी दाढ भरून टाकली. त्याची आई मला विचारत होती, ही मुलगी रोज असते का.

मदतनीस बाई हसून हसून बेजार. मीही हसले. मग जेवताना मला हसू येईना.

मी तिला विचारलं, “तुझी ती मैत्रीण शाळा सोडून गेली, तेव्हा तुला वाईट वाटलं होतं का गं?”

“हो. त्याचा एपिसोड आहे ना.”

“एपिसोड राहू दे. तुला काय वाटलं होतं?”

“थांब, बघून सांगते,” म्हणाली आणि टॅब आणायला निघाली. मी म्हटलं, न बघता सांग. ती परत ताटावर येऊन बसली. मग म्हणाली, “त्यात मी खूप रडलेय. म्हणजे वाटलं असणार.”

मी विचारलं, “एरवी रडतेस का? कोणी नसताना?”

“लागलं तर रडते.”

“लागलं तर म्हणजे? दुखलं तर?”

“नाही गं मावशी. लागलं तर. गरज लागली तर.”

टॅब मी एक्स-रेच्या कपाटात ठेवून कुलूप लावलंय. तिने हुज्जत घातली नाही. घातली असती तर बरं वाटलं असतं. जिन्यावरून पडली तेव्हा तिने इकडेतिकडे का बघितलं, याचा मी आता विचार करतेय. मी तिला गुणी म्हटलं होतं ते तूर्तास परत घेते. हॉलमधल्या बायकांनाही खोडायला सांग.

आठवण काढते. म्हणाली, “आई आज कुठल्या गावात असेल?” मी म्हटलं, माहीत नाही. म्हणाली, “व्हिडिओत कळेल.” मग कुलूप आठवलं बहुतेक, कारण उठून माशांना खायला घालायला गेली.

ताई


१५ मे

ताई,

तुझं पत्र लॉजवर मिळालं. पाच मिनिटांत गाडी निघतेय, तरी उत्तर देते.

एका लहान मुलीने गमतीत दुसऱ्या मुलाला काहीतरी सांगितलं, आणि तू त्याचं निदान करून मोकळी झालीस. मुलं खेळतात, ताई. डॉक्टर-डॉक्टर खेळतात, शाळा-शाळा खेळतात, ती व्हिडिओ-व्हिडिओ खेळली. तुला पोरं म्हणजे बत्तीस दात आणि एक भोकाड एवढंच दिसतं. मूल वाढवणं वेगळं असतं. ते तुला कोणी शिकवावं असं तुला कधी वाटलं नाही, आणि वेळही आली नाही.

हे शेवटचं वाक्य लागेल तुला. लागू दे.

टॅब तिला परत दे. तिचे बाबा तिला त्यावर निरोप पाठवतात. तू तिचा बाप कपाटात कोंडलायस.

मी एकवीसला येऊन तिला घेऊन जाईन. दाढ तशीच राहू दे.

धाकटी


२४ मे

धाकटे,

एकवीसच्या आधीच तुला यावं लागलं. हॉस्पिटलमध्ये तू माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस, आणि मला ते चुकीचं वाटलं नाही. पण त्या दिवशी सकाळी काय झालं ते तुला मदतनीस बाईंकडून अर्धवट कळलंय. पूर्ण मी सांगते. हवं तर वाच, नाहीतर राहू दे.

मी साडेनऊला खाली गेले तेव्हा ती झोपलीय असं मला वाटत होतं. दोन पेशंट तपासले. तिसरा आत घ्या म्हटलं, तर बाई आत येऊन म्हणाल्या, “डॉक्टर, तिसरी आपलीच आहे.”

छकुली वेटिंग रूमच्या बाकावर बसली होती. नंबराने. गळ्याभोवती माझा स्कार्फ गुंडाळलेला. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तिला पुढे जा म्हटलं होतं, तर म्हणाली, तुमचा नंबर आधी आहे. स्कार्फ सोडला तर उजवा गाल टम्म सुजलेला, सूज जबड्याखाली उतरलेली, अंग तापलेलं, तोंड बोटभरही उघडेना. ती दाढ हलत नव्हती गं. आतून किडून तिच्या मुळाशी पू झाला होता. ती सूज गळ्याकडे गेली की श्वासाचा प्रश्न येतो. हे मी कॉलेजात मुलांना शिकवलंय, खडूने फळ्यावर काढून.

मी विचारलं, कधीपासून दुखतंय? “शाळा सुरू होती तेव्हापासून.” सावकाश जेवते, चिमणीसारखी, असं मी तुला लिहिलं होतं. ती एकाच बाजूने चावत होती. माझ्यासमोर, दोन वेळा, रोज. मी दातांची डॉक्टर. माझ्या घरात.

गाडीत मी तिला म्हटलं, “अगं, सांगायचं नाही का?”

ती म्हणाली, “आईला सांगितलं असतं तर एपिसोड झाला असता. तुला सांगितलं असतं तर तू आईला सांगितलं असतंस.”

“मग आज का सांगितलंस?”

“आज तर मी पेशंट म्हणून आले.”

बाकी तुला माहीत आहे. सलाईन, दाढ काढली, पू काढला, वेळेत झालं. ते सगळं होताना ती रडली नाही. सुई लावणारी नर्स म्हणाली, किती शहाणी मुलगी. मी त्या बिचारीवर ओरडले. तिची माफी मागायची राहिलीय.

तू पंधराला लिहिलंस ते वाक्य लागलं. वेळ आली नाही हे खरं, पण ‘कधी वाटलं नाही’ हे खरं नव्हतं, म्हणून लागलं. पण आत्ता तो विषय नाही. औषधांचा डोस पूर्ण करायचा, बरं वाटलं तरी. मऊ खायला दे. सूज पुन्हा वाटली तर वाट बघत बसू नकोस, मला फोन कर. मी उचलेन.

ताई


३ जून

प्रिय ताई,

सूज पूर्ण गेलीय. औषधं संपली. ती उजवीकडूनही चावते आता, मी टेबलाखालून बघावं तसं लपून बघते.

फोन करणार होते. पण फोन हातात घेतला की मला ते आठवतं, म्हणून कागद घेतला.

हॉस्पिटलमध्ये मी पोचले तेव्हा तू कॉरिडॉरमध्ये डॉक्टरांशी बोलत होतीस. मी आत गेले. ती पडून होती, एका हाताला सलाईन. एवढंसं तोंड, एका बाजूने केवढं मोठं. मी पर्समधून फोन काढला. शपथ घेऊन सांगते, तिच्या बाबांना ती बरी आहे एवढं कळवायला काढला. तिने फोन बघितला. सलाईन नसलेल्या हाताने कपाळावरचे केस मागे घेतले. मान वळवली आणि सुजलेला गाल खिडकीच्या उजेडाकडे केला. तोंड उघडत नव्हतं, तरी तिने विचारलं,

“आत्ता रडू, की आधी तू बोलणार?”

मी फोन ठेवला आणि बाथरूममध्ये गेले. तू आत आलीस तेव्हा ‘कुठे आहे ही बया’ म्हणालीस ते मला आतून ऐकू आलं. तुझ्याशी बोलले नाही ते रागाने नव्हतं. तोंड उघडलं असतं तर काय बाहेर पडलं असतं कोण जाणे.

दौऱ्यातलं एकच व्याख्यान उरलं होतं. आयोजकांनी पाय धरले म्हणून गेले. शेवटी एका बाईंनी विचारलं, मूल खरं रडतंय की खोटं, हे कसं ओळखायचं? मी म्हटलं, मला माहीत नाही. आणि खाली बसले. मग टाळ्या. त्यांना वाटलं ही पद्धत आहे. बायकांनी लिहून घेतलं.

सगळे व्हिडिओ काढून टाकलेत. लोक विचारतात छकुली बरी आहे ना, काही म्हणतात नवीन नाटक, दोन दिवसांत येतील परत. ते जाऊ दे. मी तिला सांगितलं तेव्हा ती खूश होईल असं मला वाटलं होतं. ती घाबरली. म्हणाली, “सगळे? मग मला कसं कळणार?”

“काय?”

“मला तेव्हा काय वाटलं होतं ते.”

मी म्हटलं, आठवेल तेवढं आठवेल. ती म्हणाली, नाही आठवलं तर? मग माझ्याकडचे मूळ व्हिडिओ एका डिस्कवर उतरवून तिला देऊन टाकले. तिचे आहेत, तिने काय ते ठरवावं. तिने ती डिस्क कुठेतरी ठेवलीय. कुठे, ते मी विचारलेलं नाही. शोधायची मात्र फार इच्छा होते.

सोपं नाहीये. परवा नाश्त्याला ती एकदम रडायला लागली. मी धावत गेले तर मध्येच थांबली आणि माझ्या हाताकडे बघितलं. हात रिकामे होते. मग ती टोस्ट खायला लागली. ते खरं होतं की मला तपासत होती, मला कळलं नाही. तिलाही कळलं नसेल कदाचित. मीही टोस्ट खाल्ला.

तिचे बाबा आता फोनवर तिच्याशी बोलतात. पहिल्या दिवशी दोघांनी तीनदा ‘हॅलो’ म्हटलं. इतकी वर्षं ते तिला बघत होते, बोलायची सवयच नाही. शेवटी त्यांनी तिला इंजिनरूममध्ये किती आवाज असतो ते सांगितलं. ती म्हणाली, “बाबा, तुम्ही रडता का जहाजावर?” ते म्हणाले, रेंज गेली. रेंज गेली नव्हती, मला त्यांचा श्वास ऐकू येत होता.

ते वाक्य मी परत घेते. पंधरा तारखेचं. तू माफ केलं नाहीस तरी मी परत घेते.

धाकटी


१९ जून

मावशी,

मी छकुली. आई म्हणाली, तुला वाटेल ते लिही, मी वाचणार नाही. पाकीट मीच चिकटवणार आहे.

शाळा सुरू झाली. वर्गात दोन मुली मला ‘रडकी छकुली’ म्हणतात, कारण त्यांनी आधीचे व्हिडिओ बघितलेत. तिसरी म्हणत नाही. तिच्याकडे टॅब नाही. आम्ही डबा एकत्र खातो.

माझ्या त्या दाढेच्या जागी नवीन टोक आलंय. आई रोज विचारते दुखतंय का. मी नाही म्हणते. मग ती पुन्हा विचारते. काल मी म्हटलं, दुखलं तर मी नंबर लावीन. ती हसली नाही.

आता मुख्य गोष्ट. शनिवारी दुपारी मी रडले. का रडले ते मी सांगणार नाही. आईलाही सांगितलं नाही. शाळेचं नाही आणि दाताचंही नाही, एवढंच सांगते. मी खोलीचं दार लावून घेतलं होतं. हे रडणं बरं नव्हतं, मावशी. शेंबूड आला. उचकी लागली. मध्येच थांबायचं ठरवलं तर थांबता येईना. एकदा मी आरशात बघितलं, तर मी बेडकासारखी दिसत होते, म्हणून मग बघितलं नाही.

आईला ऐकू गेलं. ती दारापर्यंत आली. मला वाटलं, आता विचारणार, का बरं? पण विचारलं नाही. मला तिची पावलं दिसत होती दाराच्या फटीतून. मग पावलं गेली आणि तिची साडी दिसायला लागली, म्हणजे ती खाली बसली.

मी खूप वेळ रडले. मग आपोआप संपलं. मला वाटलं होतं शेवटी काहीतरी म्हणायचं असतं, पण काहीच म्हणावंसं वाटलं नाही.

दार उघडलं तर आई भिंतीला टेकून झोपली होती. मान वाकडी, तोंड उघडं, घोरत होती, आणि तिच्या गालावर काजळ उतरलं होतं. फार वाईट दिसत होती. मी कोणाला दाखवलं नाही. तुला सांगतेय, पण तू तिला सांगू नकोस, तिला वाईट वाटेल.

मी तिच्या शेजारी बसले. भूक लागल्यावर उठवलं.

तुझी भाची